सैल दोरी

दोरी ताणली गेली की मांजर मागे सरकतं. खांदे आवळून, मान खाली घालून, आलं तसं उलट्या पावली. कुत्र्याचं वेगळं असतं. पट्टा ओढला गेला की कुत्रा पुढे जोर लावतो, आणि माणूस नि कुत्रा एकमेकांना ओढत का होईना, चालत राहतात. मांजर या ओढाओढीत पडत नाही. त्याचं शरीर निसटून जायलाच बनलेलं आहे. आपलं कॉलरबोन एका बाजूला छातीच्या हाडाला आणि दुसऱ्या बाजूला खांद्याला पक्कं जोडलेलं असतं. मांजराचं ते हाड अगदी बारीक, नुसतं स्नायूंमध्ये रुतलेलं असतं. त्यामुळे जिथून डोकं जातं तिथून बहुतेक वेळा खांदेही जातात. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचे पट्टे, जरा सैल असेल आणि मांजर घाबरून दोनच पावलं मागे सरलं, तरी हार्नेस कानांवरून निघून येतं आणि आपल्या हातात दोरी तेवढी राहते.

म्हणून माझ्या मांजरीला, चिंगीला, घेऊन बाहेर पडते तेव्हा माझं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: दोरीला ढील आहे ना. हार्नेस कसलं घ्यायचं, कुठल्या वेळी बाहेर पडायचं, कुठवर जायचं, कधी परतायचं, हे सगळं त्या एका गोष्टीवरून ठरत गेलं. हार्नेस अंगाला नीट बसलेलं हवं, पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपतच मोकळं. दोरी मात्र जमिनीवर लोळत असावी.

यासाठी आधी एक गोष्ट मनापासून मान्य करावी लागते. मांजराला कुठे पोचायचं नसतं. कुत्र्याचे पूर्वज कळपाने हिंडणारे, सावजामागे मैलोन्मैल धावणारे. घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर, फेलिस लिबिका. ते एकटं राहणारं, आपापला इलाखा राखून असणारं आणि दबा धरून शिकार करणारं जनावर. माणूस धान्य साठवायला लागला, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागे मांजरं आली. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. त्या बेटावर मांजरं मूळची नव्हती, म्हणजे कुणीतरी ती होडीतून नेली असणार. समुद्रावरचा तो प्रवास त्यांनी टोपलीत बसून केला असेल की कुणाच्या कुशीत, हा विचार मला बरेचदा सुचतो. कारण मांजराला जागा बदललेली खपत नाही. माणसावर त्याची माया असते, तशीच जागेवरही असते. रोजच्या ओळखीच्या जागी काल काय नव्हतं आणि आज काय आहे, हे तपासण्यात त्याला खरा रस. तेव्हा त्याला रोज नव्या ठिकाणी नेण्यात काही अर्थ नाही. तीच भिंत, तेच झुडूप, तोच गवताचा तुकडा त्याला हवा असतो, आणि तिथे हवा तेवढा वेळ.

चिंगी लहानखुऱ्या अंगाची, करड्या पट्ट्यांची मांजरी. खिडकीच्या जाळीला नाक लावून ती तासन् तास बसायची. बाहेर बघायची त्याहून जास्त ती बाहेरचा वास घ्यायची. वारा आला की डोळे मिटून नाकपुड्या हलायच्या. तिला बाहेर नेऊन बघू, असं मला वाटलं ते त्या नाकपुड्यांकडे बघून.

तरी बाहेर पडायला खूप वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. हार्नेस आणलं ते आधी नुसतं तिच्या झोपायच्या जागी टाकून ठेवलं. नव्या कापडाचा वास जाऊन त्याला तिचा वास लागेपर्यंत मी त्याला हात लावला नाही. मग खाऊ त्याच्याजवळ, पुढे खाऊ त्याच्यावर. मग तिच्या पाठीवर ते नुसतं ठेवायचं आणि ती उठली की पडू द्यायचं. बकल लावताना होणारा कट्‌ असा आवाज तिला दचकवायचा, म्हणून तो आवाज आधी लांबून, ती खात असताना ऐकवला. पहिल्यांदा दोन्ही पट्टे बांधले तेव्हा ती एका कुशीवर आडवी झाली आणि तशीच पडून राहिली. बहुतेक मांजरं हेच करतात. अंगाला चहूबाजूंनी दाब जाणवला की त्यांचे पाय जणू बंद पडतात. त्यावर कितीतरी लोक हसतात, व्हिडिओ काढतात. मला ते कधी बघवलं नाही. पाय गळून पडलेलं मांजर शांत झालेलं नसतं, त्याला काही सुचेनासं झालेलं असतं. मी लगेच पट्टे सोडले, तिला खाऊ दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फक्त पाठीवर ठेवण्यापासून सुरुवात केली. हळूहळू ती पोट जमिनीला घासत, मागचे पाय अर्धे मोडून का होईना, चालायला लागली. मग शेपटी वर आली. मांजर शेपटी उभी करून आपल्याकडे चालत येतं तेव्हा ते मैत्रीनं येत असतं. हार्नेस अंगावर असताना चिंगीची शेपटी उभी राहिली, त्या दिवशी मी दोरी पहिल्यांदा अडकवली, तीही घरातच.

दोरीबद्दल एक सांगून टाकते. डबीत आपोआप गुंडाळली जाणारी दोरी मांजरासाठी घेऊ नये. एक तर ती सतत थोडीथोडी ओढत असते, म्हणजे ढील कधी मिळतच नाही. दुसरं म्हणजे ती हातातून सुटली की प्लॅस्टिकची ती मूठ खडखडत मांजराच्या मागे धावते, आणि मांजर जितकं पळेल तितकी ती मागे लागते. साधी, हलकी, फार लांब नसलेली दोरी बरी. तिचं टोक अडकवायचं ते हार्नेसला पाठीवर, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. गळ्याला हिसका बसला तर श्वासनलिकेला इजा होऊ शकते.

दारातून तिला मी चालत बाहेर जाऊ देत नाही. ती आपल्या कॅरिअरमध्ये, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीत, बसते, मी कॅरिअर उचलून ठरलेल्या जागी नेते, खाली ठेवून दार उघडते आणि बाजूला उभी राहते. यात दोन फायदे आहेत. दार म्हणजे बाहेर जायची वाट, हे तिच्या डोक्यात बसत नाही. बसलं असतं तर कुणी बेल वाजवली की ती पायांमधून सटकायला टपून राहिली असती. आणि उघडं कॅरिअर जवळच असल्यामुळे भीती वाटली तर कुठे शिरायचं, हे तिला माहीत असतं. कितीतरी वेळा ती त्यातून नुसतं डोकं बाहेर काढून बसते, हवा खाते आणि पुन्हा आत जाते. तेवढंच झालं तरी त्या दिवसाचं फिरणं झालं, असं मी धरते.

बाहेर पडायची वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची. मांजर मुळात याच वेळांचं जनावर. डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे आपल्याला जिथे अंधुक दिसतं तिथे त्याला पुरेसं दिसतं. रंग त्याला आपल्याइतके दिसत नाहीत आणि नाकाजवळची वस्तूही स्पष्ट दिसत नाही, पण गवताचं पातं हललं तर ते त्याच्या नजरेतून सुटत नाही. शिवाय या वेळी वर्दळ कमी असते आणि जमीन तापलेली नसते. तापलेल्या डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू टेकवून बघावी. आपल्याला सोसत नसेल तर तिच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

आणि मग आम्ही उभ्या राहतो. चालणं फार थोडं, उभं राहणं पुष्कळ. भिंतीच्या कोपऱ्यात एक झुडूप आहे, त्याच्या एका खोडापाशी चिंगी रोज थांबते. आधी लांबून वास घेते. मग नाक खोडाला टेकवते. मग मागे होते, वरचा ओठ किंचित वर जातो, तोंड अर्धवट उघडं राहतं आणि ती समोर कुठेतरी टक लावून बघत राहते. बघणाऱ्याला वाटतं, तिला किळस आली असावी. प्रत्यक्षात ती वास टाळूकडे ओढून घेत असते. पुढच्या दातांच्या मागे, टाळूत, मांजराला आणखी एक गंधेंद्रिय असतं. दुसऱ्या मांजराने मागे ठेवलेला निरोप त्याला तिथे कळतो: नर की मादी, ओळखीचा की परका, केव्हाचा. वाचून झालं की ती गाल त्याच खोडावर घासते. तिच्या गालातल्या ग्रंथींचा वास आता तिथे लागतो. रात्री येणारं ते दुसरं मांजर मी अजून पाहिलेलं नाही, चिंगीही त्याला कधी समोरासमोर भेटलेली नाही, पण त्या दोघांचं बोलणं रोज चालू असतं आणि मी दोरीचं टोक धरून शेजारी उभी असते.

तिचे कान दोन्ही वेगवेगळे फिरतात. तोंड झुडपाकडे आणि एक कान सरळ माझ्या पाठीमागे वळलेला, असं झालं की मी मागे वळून बघते. बहुतेक वेळा मला काहीच दिसत नाही. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. मांजराला ८५,००० हर्ट्झपर्यंतचे. उंदराच्या पिल्लांची चिरचिर आपल्या कानांच्या पलीकडची असते, तिला ती पालापाचोळ्याखालून ऐकू येते. अशा वेळी मी जागची हलत नाही. मी एक पाऊल टाकलं तर तिला ऐकू येणारं ते सगळं माझ्या पायाखाली बुजून जाईल.

पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीत तिची पावलं उमटतात तीही बघण्यासारखी. चार पायांचं जनावर गेलं असं वाटतच नाही, दोन पायांचं गेलं असं वाटतं. पुढचा पाय जिथे पडला नेमका तिथेच मागचा पाय येतो. पुढची पावलं तिने डोळ्यांनी पाहून टाकलेली असतात, मागच्यांना ती जागा आयती मिळते, आणि काटकी मोडत नाही की पान वाजत नाही. लादीवर हे कधी दिसलं नसतं.

झाडावर मात्र मी तिला चढू देत नाही. दोरी फांदीत अडकली तर अनर्थ. आणि मांजराच्या नख्यांचा बाक असा असतो की वर चढायला त्या उत्तम, पण डोकं खाली करून उतरताना पकड घेत नाहीत. शेपटीकडून उलटं उतरावं लागतं, आणि ते पुष्कळ मांजरांना सुचत नाही. खोडाला पंजे लावून ती नख्या घासते, तेवढं चालतं.

एकदा कोपऱ्यावरून एक मोकळा कुत्रा आला. दांडगा होता, पण स्वभावाने बरा असावा; शेपटी हलवतच येत होता. चिंगीने मान वळवली आणि क्षणात तिचं अंग दुप्पट झालं. पाठीची कमान, आडवं उभं राहिलेलं शरीर, बाटली घासायच्या ब्रशसारखी शेपटी. अशा वेळी हात पुढे करून तिला उचलून छातीशी धरावंसं वाटतं. तेच करायचं नसतं. घाबरलेलं मांजर समोर जे येईल त्याला चावतं, आणि मांजराचे दात सुईसारखे असल्यामुळे जखम वरून इवलीशी दिसते, पण जंतू खोलवर जातात. एका दिवसात हात सुजू शकतो आणि डॉक्टरकडे धावावं लागतं. मी कुत्रा आणि ती यांच्यामध्ये उभी राहिले आणि पायाने कॅरिअर तिच्या मागे सरकवलं. दोरी सैलच ठेवली. तिने फुत्कारत एक पाऊल मागे टाकलं, मग दुसरं, आणि कॅरिअरची कड मागच्या पायाला लागताच वळून आत गेली. मी दार लावलं. कुत्र्याचे मालक धावत आले, चांगलं बोलले. घरी येऊन ती बराच वेळ अंग चाटत बसली. नंतरचे काही दिवस आम्ही बाहेर गेलो नाही. पुन्हा निघालो तेव्हा कॅरिअरमधून बाहेर यायचं की नाही, हे मी तिच्यावरच सोडलं होतं.

येणारेजाणारे बोलतात. "बिचारीला बांधून ठेवलंय," हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. मी राग मानत नाही, कारण म्हणणाऱ्याला मांजराची कणव असते. याहून नेटका आक्षेप काही प्राणीप्रेमी संस्थांनी घेतला आहे. त्यांचं म्हणणं असं की मांजराला आपल्या भोवतालावर आपला ताबा वाटणं फार गरजेचं असतं. भीती वाटली की पळून उंच जागी चढणं, कुठेतरी दडणं, हा त्याचा एकमेव उपाय, आणि दोरी नेमका तोच काढून घेते. मला हा आक्षेप खरा वाटतो. दोरी ताणून मांजराला आपल्या वाटेने चालवणाऱ्यांच्या बाबतीत तर तो शंभर टक्के खरा आहे. माझं उत्तर एवढंच की दिशा तिने ठरवायची, थांबायचं तिने ठरवायचं, परत जायचंही तिने ठरवायचं, आणि दडायची जागा दोरीच्या लांबीत हवी. हे जिथे जमत नाही तिथे मांजराला फिरवू नये, घरात खेळवावं.

पण दोरीशिवाय मोकळं सोडावं, हे मात्र मला पटत नाही. गाड्या आहेत, मांजरांची भांडणं आहेत, त्यातून लागणारे रोग आहेत. आणि पक्षी आहेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकट्या अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारत असावीत, असा अंदाज मांडला होता. त्यातले बहुतेक बळी बेवारस मांजरांचे, पण पाळलेल्यांचा वाटाही लहान नाही. जर्मनीतल्या वॉल्डोर्फ गावाने २०२२ मध्ये जमिनीवर घरटं करणाऱ्या तुरेवाल्या चंडोलांसाठी विणीच्या हंगामात मांजरं घरात ठेवायचा आदेश काढला, आणि दोन मीटरच्या दोरीने बांधून फिरवायला तेवढी मुभा दिली. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा आणि भोवतालच्या प्रदेशात १ जुलै २०२२ पासून जन्मलेल्या मांजरांना आपल्या आवारातच ठेवावं लागतं. मला हे नियम कठोर वाटत नाहीत. चिमणी गवतात उतरली की चिंगीचं शेपटीचं टोक तेवढं हलायला लागतं, जबडा थरथरतो आणि दातांचा कटकट असा बारीक आवाज येतो. त्या वेळी मी ढील देत नाही. हाताची मूठ मिटलेली असते, दोरी आहे तेवढीच राहते, आणि चिमणी दाणे टिपून आपल्या वेळेला उडून जाते. भीतीला हवी तेवढी मोकळीक द्यावी, शिकारीला देऊ नये, एवढा भेद मी करते. तिला शिकारीचा खेळ घरी मिळतो, पिसाच्या काठीमागे, आणि त्यात शेवटी काहीतरी पंजात सापडू देते.

बाहेर नेणार असाल तर डॉक्टरांशी बोलून घ्या. पॅनल्युकोपेनिया, हर्पिस, कॅलिसी, रेबीज या रोगांच्या लसी झालेल्या हव्यात, ल्युकेमियाची लस द्यायची का तेही विचारावं. नसबंदी झालेली असावी आणि अंगात ओळख पटवणारी मायक्रोचिप असावी, म्हणजे सुटलंच तर परत मिळायची आशा राहते. पिसवा-गोचिडांचं औषध मांजरासाठीचंच वापरावं. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजराच्या यकृताला त्याचं विघटन करून ते बाहेर टाकता येत नाही आणि मांजर दगावू शकतं. फवारणी झालेल्या गवतात पाय ठेवू देऊ नये, कारण पंजाला लागलेलं सगळं चाटण्यातून पोटात जातं. लिली तर लांबच ठेवावी. तिच्या परागांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

एकदा सवय लागली की मांजर बाहेरची मागणी करतं, हेही खरं. चिंगी दाराशी बसून लांब सुरात ओरडायची. ओरडल्यावर दार उघडलं तर ओरडणंच वाढतं, म्हणून आमची वेळ ठरलेली आहे: मी हार्नेस खुंटीवरून काढलं की निघायचं, त्याआधी कितीही ओरडलं तरी नाही. पाऊस असला तरी त्या वेळी मी हार्नेस काढते, आम्ही आडोशाला जाऊन उभ्या राहतो. ती माझ्या भरवशावर असते, तेव्हा मला ती वेळ चुकवता येत नाही.

घरात एक बोकाही आहे. तो मोठा झाल्यावर आमच्याकडे आला. मांजराचं पिल्लू दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जे बघतं, ज्यांच्या हातात वावरतं, त्याची त्याला पुढे सहसा भीती वाटत नाही. याचे ते आठवडे माणसांवाचून गेले असणार. त्याच्यासाठीही मी हार्नेस आणलं होतं. कितीही हळू घेतलं तरी ते दिसताच तो कपाटाखाली जायचा आणि जेवणाची वेळ टळली तरी यायचा नाही. मग मी ते थांबवलं. त्याला खिडकीत जाळीच्या आत एक रुंद फळी करून दिली आहे, उन्हाच्या बाजूला. चिंगी बाहेरून आली की तिच्या अंगाला परका वास असतो आणि तो तिच्यावर गुरगुरतो, म्हणून तिला आधी त्याच्या अंथरुणाच्या फडक्याने पुसते आणि थोडा वेळ वेगळ्या खोलीत ठेवते. त्याचं हार्नेस मी पिल्लू आणलेल्या एका मैत्रिणीला दिलं. तिने परवा फोन करून विचारलं, पिल्लू आडवं पडलंय, आता काय करू? मी म्हटलं, सोड पट्टे, खाऊ दे, आणि उद्या नुसतं पाठीवर ठेव.